चार नंबरच्या पोटात

खेकड्याचं पोट उघडायला फार वेळ लागत नाही. बर्फात ठेवून तो गार झाला की पाठीचं कवच अंगठ्यानं वर उचलायचं, आतला मऊ पिवळट भाग चिमट्यानं बाजूला सारायचा आणि डोळ्यांच्या मागे दडलेली हरभऱ्याच्या डाळीएवढी पिशवी अलगद काढून घ्यायची. ती काचपट्टीवर फोडली की त्या जीवानं काय खाल्लं ते समोर येतं. खोटं बोलायची सोयच नाही. या गोष्टीतल्या नणंदेला आपल्या कामातली हीच बाब सगळ्यात जास्त आवडायची. माणसांच्या बाबतीत अशी व्यवस्था नाही याचं तिला मनापासून वाईट वाटे.

खाडीकाठच्या त्या अभ्यास केंद्रात ती अठरा वर्षं हेच करत होती. लोक पाठीमागे तिला ‘पोटफाडे बाई’ म्हणत, अगदी आडनाव असल्यासारखं. एका नव्या कारकुनानं तर ते खरंच समजून हजेरीपटावर चढवलं होतं. तिनं ते खोडलं, शेजारी सही केली आणि पुढचे दोन महिने त्या बिचाऱ्याकडे असं बघितलं की त्यानं तिच्या खोलीवरून जायचंच सोडलं. स्वभावच संशयी, त्याला कोण काय करणार? शेजारीण हसली तर ती का हसली, आणि नाही हसली तर आज का हसली नाही, हे दोन्ही तिला सारखंच खुपे.

तर अशा बाईला एका मंगळवारी तिसऱ्या खेकड्याच्या पोटात टोमॅटोची बी सापडली.

एक नाही, दोन. चपट्या, कडेला बारीक लव असलेल्या. तिनं काचपट्टी सरकवली, डोळा चोळला, पुन्हा बघितलं. बिया टोमॅटोच्याच होत्या. बरणीवर चिठ्ठी होती, प्लॉट चार. आणि प्लॉट चार म्हणजे तिची वहिनी.

चिखलात बिळं करून राहणारे हे खेकडे खातात काय, हा केंद्राच्या सरांचा आयुष्यभराचा प्रश्न. कांदळवनात गळून पडलेली पानं ते बिळात ओढून नेतात, एवढं कोणालाही दिसतं. पण पान म्हणजे जवळजवळ चोथा. अंगी लागण्यासारखं त्यात फार थोडं. तेवढ्यावर हे गडी असे टणक कसे राहतात? काहीतरी चोरून खात असणार, असं सरांचं म्हणणं. म्हणून वनात आठ प्लॉट आखले होते आणि आठ बायका नेमल्या होत्या. गळलेल्या पानांना नंबर लावलेले दोरे बांधायचे, दुसऱ्या दिवशी किती पानं बिळात गेली ते मोजायचं आणि दर मंगळवारी सहा बिळांतले सहा खेकडे धरून बरणीत आणायचे. बायकांची नावं केंद्रात कोणी घेत नसे. एक नंबर आली का, सहा नंबरला ताप आहे, असंच चाले. वहिनी चार नंबर.

नणंदेचा भाऊ दोन वर्षांपूर्वी गेला. तीन दिवसांच्या तापाचं निमित्त. मूलबाळ नव्हतं, घर भाड्याचं. वहिनी दोन ट्रंका घेऊन नणंदेच्या क्वार्टरमध्ये आली आणि चार महिन्यांपूर्वी नणंदेनंच शब्द टाकून तिला हे काम मिळवून दिलं होतं. चार नंबर सगळ्यात लांब. बांधावरून चाळीस मिनिटं चालायचं, पुढे गुडघाभर चिखल. तिथे ना घर, ना वस्ती, ना चहाची टपरी. मग तिथल्या खेकड्यानं टोमॅटो कुठे खाल्ला?

नणंदेच्या मनात पाल चुकचुकली. कुठेतरी पाणी मुरत होतं.

केंद्राच्या कँटीनमागे गटार होतं आणि गटाराकाठी बिळंच बिळं. पाच मिनिटांत सहा खेकडे सापडतील, आणि पाय धुवायला नळही शेजारीच. गेल्याच वर्षी सात नंबरची बाई धक्क्याजवळचे खेकडे आणून आपल्या प्लॉटचे म्हणून देताना पकडली गेली होती. नियम साधा होता, खोटे खेकडे आणले की त्याच दिवशी काम बंद. पकडलं होतं पोटफाडे बाईंनीच. तेव्हा तिला किती बरं वाटलं होतं, ते आता तिला आठवायला नको होतं.

कारण हे तसंच निघालं तर सांगायचंही तिलाच होतं. काम गेलं की वहिनी घरात एक दिवस राहणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ती ट्रंका उचलेल आणि जाईल. भावाच्या मागे उरलेलं तेवढं एकच माणूस. आणि गप्प बसावं तर तिकडे सर हवेत होते. गेले तीन महिने चार नंबरच्या खेकड्यांच्या पोटात मांस सापडत होतं, इतर प्लॉटच्या तिप्पट. मासा, कधी पांढरं मऊ असं काहीतरी. तिनंच ते इमानेइतबारे ‘मांस’ या रकान्यात भरलं होतं. सर मोठा तक्ता करून घेऊन पुढच्या आठवड्यात गुरुवारी बाहेरगावच्या सभेला निघणार होते. आयुष्यभराच्या प्रश्नाचं उत्तर चार नंबरनं दिलं, असं ते भेटेल त्याला सांगत होते.

तिनं बिया ‘इतर’ या रकान्यात लिहिल्या आणि कोणालाही काही न बोलता कँटीनमागे जाऊन स्वतः सहा खेकडे धरले.

सहाही पोटं उघडली. चहाचा चोथा, कांद्याचं साल, भांडी घासायच्या जाळीचे हिरवे धागे. म्हणजे गटाराच्या खेकड्याच्या पोटात चहा असणारच, आणि चार नंबरच्या एकाही खेकड्याच्या पोटात चहाचा कण नव्हता. उलट कांदळवनाची पानं आणि तिथला काळा चिखल भरपूर होता. वहिनी खेकडे चार नंबरचेच आणत होती. दुसऱ्या कोणाला हायसं वाटलं असतं. नणंदेला जास्तच टोचायला लागलं, कारण चोरी समजते तरी. हे काय होतं ते समजेना.

आता तिचे कान आपोआपच टवकारले गेले. संध्याकाळी घरी आलेला वहिनीचा डबा तिनं उघडून हुंगला. डबा लख्ख धुतलेला. नको इतका लख्ख. पूर्वी झाकणाला कुठे तेल, कुठे भाताचं शीत असायचं. रात्रीच्या जेवणाला वहिनी दोन घास जास्त वाढून घ्यायची आणि कोणी विचारायच्या आधीच म्हणायची, “आज चालणं फार झालं.”

“डबा पुरतो ना तुला?” नणंदेनं विचारलं.

“पुरतो की. उरतो म्हणा ना.”

“मग उरलेला कुठे जातो?”

“संपवते,” वहिनी म्हणाली आणि उठून भांडी आवरायला लागली. भांड्यांची पाळी त्या दिवशी नणंदेची होती खरं तर. एक दिवस हिनं, एक दिवस तिनं, असं ठरलेलं होतं. नणंदेनं तेही मनात टिपून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी बांधावरच्या राखणदाराला तिनं सहज विचारतेय असं दाखवत विचारलं, “आमच्या वहिनी वेळेवर येतात ना?”

“येतात की. वेळेच्या आधी येतात,” तो म्हणाला. “एकट्या असल्या तरी रमतात हो. बोलत असतात.”

“बोलतात? कोणाशी?”

“आता ते मला इथून कुठे दिसतंय बाई? पण मध्येच हसल्याचाही आवाज येतो.”

एवढं पुरेसं होतं. त्यातच धक्क्याजवळच्या चहावालीनं चहा गाळता गाळता विचारलं, “तुमच्या वहिनींना खोली मिळाली का हो? परवा चौकशी करत होत्या. एका माणसापुरती चालेल म्हणाल्या, पण काय ते…” आणि ती बाई हसली. का हसली, ते विचारायच्याही मनःस्थितीत नणंद उरली नव्हती.

तिच्या डोक्यात एक माणूस तयार झाला. होडीवाला असणार. खाडीतून येत असणार, म्हणून बांधावरून दिसत नाही. वहिनीच्या हातचं म्हणून नणंदेच्या हातचं मिटक्या मारत खात असणार. संध्याकाळपर्यंत तिनं त्याला मिशासुद्धा लावून टाकल्या. सांडलेलं-लवंडलेलं खेकडे खातात, हेही मग बरोबर जुळलं. मी इथे पहाटे उठून स्वयंपाक करते आणि जातो कोणाच्या पोटात, असं म्हणत तिनं दोन रात्री कूस बदलत काढल्या. खरं सांगायचं तर त्या माणसाचा तिला राग नव्हता. वहिनी आपल्याला न सांगता निघून चालली आहे, याचा होता. पण ते तिनं स्वतःलासुद्धा कबूल केलं नाही.

अठरा वर्षं तिनं नुसती घालवली नव्हती. पुढच्या मंगळवारी तिनं डब्यात गाजर घातलं. भातात किसून, माशाबरोबर फोडी करून, वर कच्चंही. पानांच्या हिरव्या-काळ्या लगद्यात गाजराइतकं लपायला नालायक दुसरं काही नसतं.

“आज सगळं गाजरच?” वहिनीनं झाकण लावताना विचारलं.

“का? नको?”

“नको कशाला? छान रंग आलाय.”

बरण्या त्या दिवशी उशिरा आल्या म्हणून बुधवारी सकाळी तिनं चार नंबरचे खेकडे घेतले. पहिला उघडला. भिंगाखाली लगदा पसरला. नारिंगी. दुसरा उघडला. नारिंगी. तिसरा, चौथा, पाचवा. सहाव्याच्या पोटात तर पान औषधालाही नव्हतं, नुसता भात, मासा आणि गाजर. तीन महिने ‘मांस’ म्हणून लिहिलेलं पांढरं मऊ काहीतरी म्हणजे हा लगदा झालेला भातच. हे सांडलेलं-लवंडलेलं नव्हतं. सहा बिळांतल्या सहा खेकड्यांनी पोटभर जेवण केलं होतं. मिशावाला होडीवाला त्या क्षणी पाण्यात बुडाला आणि त्याच्या जागी जे उरलं ते जास्त वाईट होतं. वहिनी डबा कोणाला देत नव्हती. ती तो खेकड्यांना घालत होती. अख्खाच्या अख्खा.

म्हणजे माझ्या हातचं तिला चालत नाही! मी काय विष कालवते त्यात?

नणंदेच्या अंगाचा तिळपापड झाला. तिनं हातमोजे काढून फेकले, बूट चढवले आणि अठरा वर्षांत पहिल्यांदा कामाच्या वेळेत टेबल उघडं टाकून ती बांधावर निघाली. राखणदारानं काहीतरी विचारलं, तिला ऐकूही आलं नाही.

चार नंबरला ती पोचली तेव्हा ओहोटी पूर्ण लागली होती. वहिनी एका उलट्या टोपलीवर बसली होती, डबा मांडीवर उघडा. समोरच्या चिखलात तीस-चाळीस खेकडे बिळांच्या तोंडाशी येऊन थांबले होते. ती भाताचं शीत न् शीत वेगळं टाकत होती आणि बोलत होती.

“तू थांब रे. तुझं झालंय मघाशी. त्याला घेऊ दे, त्याला एकच नांगी आहे.”

“वहिनी.”

खेकडे सगळे एकदम बिळांत गेले. वहिनीनं वळून बघितलं. ती दचकली नाही, आणि नणंदेला तेच जास्त लागलं.

“माझ्या हातचं तुझ्या घशाखाली उतरत नाही का?”

“उतरतं की. रात्री जेवतेच ना.”

“मग दुपारचं?”

वहिनीनं पिशवीतून दोन केळी काढून दाखवली. “दुपारी हे खाते. हे माझ्या पगारातलं आहे.”

“आणि हे कोणाचं आहे?” नणंदेनं डब्याकडे बोट केलं.

“तुमचं,” वहिनी म्हणाली. “परत आणला असता तर तुम्ही विचारलं असतं. टाकून द्यायला हात होईना. म्हटलं, यांना तरी मिळू दे. तुम्हाला दिसत असणारच, वन्सं. पोटं तुम्हीच उघडता. तीन महिने दिसतंय आणि तरी तुम्ही बोलत नाही, म्हणजे तुम्हालाही तेच हवं आहे असं मी समजले.”

“मला काय हवं आहे?”

“मी जावं हे.”

तिला वाटलं होतं आपण जाब विचारायला आलो आहोत.

“आता आलाच आहात तर सांगते,” वहिनी डब्याचं झाकण लावत म्हणाली. “तीन महिन्यांपूर्वी, मी दाराशी चपला काढत होते, तुम्ही आत फोनवर सरांशी बोलत होतात. चार नंबरची काही कामाची नाही म्हणालात. नुसती बसून खाते. दारात आयतं ठेवलं की आत ओढते, तीन तीन दिवस तोंड बाहेर काढत नाही. ठेवून काय करायची, देऊ का घालवून? मग सर काहीतरी बोलले आणि तुम्ही म्हणालात, बरं, तुम्ही म्हणता म्हणून पंधरा दिवस ठेवते.” तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. “तेव्हा ठरवलं, एक वेळचं तरी आपलं आपण खायचं. दोन्ही वेळचं जमेल तेव्हा खोली घ्यायची.”

नणंदेला क्षणभर काहीच आठवेना. आणि मग आठवलं, आणि ती हसली. सुटकेचं हसू होतं ते, पण वेळ साफ चुकली.

“अगं, ती खेकडी! प्रयोगशाळेत काचेच्या चार टाक्या नव्हत्या का? पानं घालून एकेक मादी ठेवली होती. टाकी नंबर चार! तिच्याबद्दल बोलत होते मी!”

वहिनीनं तिच्याकडे नीट, वरपासून खालपर्यंत बघितलं. “छान जमवलंत,” ती म्हणाली. “बांधावरून येता येता सुचलं?”

आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी नणंदेकडे तसं बघत होतं, जसं ती सगळ्या जगाकडे बघत आली होती. शपथ घ्यावी असं तिला वाटलं. पण समोरचा शपथ घ्यायला लागला की आपण स्वतः काय समजतो, हे तिला चांगलं माहीत होतं.

“वहीत आहे,” ती म्हणाली. “चल. तुझ्या डोळ्यांनी बघ.”

चाळीस मिनिटं दोघी एकामागे एक चालल्या. वहिनी पुढे, नणंद मागे.

टाक्यांची वही कपाटात खाली होती. नणंदेनं ती काढली, पान शोधलं, वहिनीसमोर उघडी ठेवली आणि बोट लावून दाखवलं. अक्षर तिचंच होतं. ‘टाकी ४. मादी. पानं आत ओढते, बाकी हालचाल नाही. प्रयोगास निरुपयोगी. परत सोडावी का, सरांना फोनवर विचारलं. पंधरा दिवस ठेवणे.’ शेजारी तारीख आणि सही.

वहिनीनं तारखेवर बोट ठेवलं. “हाच दिवस,” ती म्हणाली. “माझा पहिला पगार झाला होता. तेच सांगायला आत येत होते.”

“बघितलंस ना?” नणंद म्हणाली.

“हो. खेकडीच होती.” वहिनीनं मान हलवली. तिला पटलं होतं. पण तिच्या चेहऱ्यावरचं काही सैल झालं नाही. “पण वन्सं, मला ते लगेच खरं वाटलं. विचारून बघावं असंही मनात आलं नाही. तुम्ही माझ्याबद्दल असं म्हणाल, यात मला काही नवल वाटलं नाही बघा.”

ते नणंदेच्या काळजात जाऊन रुतलं. वहीचा पुरावा होता, तारीख होती, सही होती, आणि त्या सगळ्याचा या वाक्यापुढे काही उपयोग नव्हता.

“पुढे काय झालं हिचं?” वहिनीनं विचारलं.

“कोणाचं?”

“चार नंबरचं. पंधरा दिवस संपल्यावर?”

“काही नाही. ठेव ती वही,” नणंद म्हणाली, जरा जास्तच घाईनं. वहिनीनं पान उलटलं आणि मोठ्यानं वाचलं. ‘सोळावा दिवस. टाकी ४ ची मादी फाडली. बिळात एकोणीस पानं, एकही कुरतडलेलं नाही. पोट रिकामं.’

पुढे रकाने होते. पान शून्य, चिखल शून्य, मांस शून्य, इतर शून्य. चार शून्यं, सुबक, एकसारखी. नणंदेला ती काढल्याचं आठवतसुद्धा नव्हतं.

“एकोणीस पानं आत नेली आणि खाल्लं एकही नाही?”

“हो.”

“का?”

“ते कोणी बघितलं नाही,” नणंद म्हणाली आणि तिला स्वतःची इतकी लाज वाटली की तिनं वही मिटून कपाटात ठेवली, तीही उलटी.

“खोलीचा निरोप मला संध्याकाळपर्यंत द्यायचाय,” वहिनी म्हणाली. तिनं ते धमकी म्हणून सांगितलं नाही. नुसती माहिती दिली.

नणंद तशीच सरांच्या खोलीकडे निघाली आणि दारात थांबून म्हणाली, “तूही ये. आत ये. मी बोलेन ते अर्धवट ऐकायला नको.”

सर चार नंबरचा तक्ता गुंडाळत होते. लाल रंगात काढलेला मांसाचा खांब इतर सातांच्या वर डौलात उभा होता. “बाई, हे बघा! आता बोलू दे कोणाला बोलायचं ते.”

“तो तक्ता नेऊ नका, सर,” नणंद म्हणाली. “ते मांस वनातलं नाही. माझ्या घरचं आहे.”

सरांच्या हातातली गुंडाळी आपोआप उलगडत गेली. पक्ष्यांनी मासे टाकले असतील, भरतीला काही वाहून आलं असेल, असं सांगता आलं असतं आणि सरांनी ते आनंदानं मान्यही केलं असतं. नणंदेच्या जिभेवर ते येऊन गेलं. पण तिनं सगळं सांगितलं. बिया, गटार, गाजर. वहिनीनं डबा का घातला ते. फोनवरचं ‘बसून खाते’ तिनं जसंच्या तसं म्हणून दाखवलं, एक शब्दही न गाळता, आणि आपण वहिनीवर काय काय संशय घेतला तेही. होडीवाल्याच्या मिशा तेवढ्या सांगितल्या नाहीत. माणसानं थोडी तरी अब्रू राखावी.

सर खुर्चीत बसले. मरणाची वार्ता ऐकल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता, आणि नणंदेला त्यांचंही वाईट वाटलं.

“आता नियमानं यांचं काम बंद,” सर म्हणाले. वहिनी दाराला टेकून उभी होती, ती सरळ झाली. “पण नियम आहे खोटे खेकडे आणणाऱ्यासाठी. यांनी खेकडे खरेच आणले. पोटं तेवढी खोटी निघाली. त्याला नियम नाही आपल्याकडे.” त्यांनी तक्त्याची घडी घातली, मग आणखी एक घडी घातली. “चार नंबर महिनाभर नुसता राहू दे. कोणी काही घालायचं नाही. मग पहिल्यापासून मोजू.”

दोघी जायला वळल्या तेव्हा त्यांनी मागून विचारलं, “पण बाई, एक कळलं नाही. खेकडे तीन महिने यांचा डबा खात होते. मग या स्वतः काय खात होत्या?”

“दोन केळी,” नणंद म्हणाली.

“तीन महिने? आणि तुम्हाला ते कळलं कधी?”

“आज.”

“एकाच घरात राहता ना तुम्ही?”

त्यांनी ते टोचून विचारलं नव्हतं. प्रश्न पडला की विचारायचा, एवढंच त्यांना येत होतं. नणंदेनं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तिला रडू फुटलं. सरांसमोर, कामाच्या वेळेत, हातमोज्यांची पावडर अजून बोटांना लागलेली असताना ती ढसाढसा रडली. सरांनी घाईघाईनं पाण्याचा पेला पुढे केला. वहिनीनं तो घेतला नाही. तिनं नणंदेचं कोपर धरलं आणि तिला बाहेर आणलं.

बाहेर व्हरांड्यात दोघी उभ्या राहिल्या. खोलीचं काय करणार आहेस, हे नणंदेला विचारायचं होतं. पण आज तिला कशाचंच उत्तर मागायचा हक्क वाटत नव्हता. तिनं नाक पुसलं आणि खाली बघत राहिली.

“वन्सं,” वहिनी म्हणाली, “घरी चला. मला भूक लागलीय.”

नणंदेनं मान वर केली. मग तिच्या लक्षात आलं की घरात शिजलेलं काहीही नाही. सकाळचं सगळं डब्यात गेलं होतं, आणि डब्यातलं चार नंबरच्या पोटात.

“तू ये सावकाश,” ती म्हणाली. “मी पुढे होते, भात टाकते.” आणि पोटफाडे बाई चक्क पळत सुटल्या. कँटीनवरून, कारकुनाच्या खिडकीवरून, बूट चिखलानं भरलेले, सगळं केंद्र बघत असताना.